शेजारचे एल्डर आणि सिस्टर

सोमवार, रात्री साडेनऊ

आमच्या शेजारी एक मिशनरी जोडपं राहतं; त्यांच्या चर्चमध्ये मिशनरी पुरुषाला एल्डर आणि बाईला सिस्टर म्हणतात. ह्या एल्डर-सिस्टरचा सोमवार म्हणजे धुणं, बाजार आणि नातवंडं. सकाळी सातला भिंतीपलीकडून पोरांचा कलकलाट येतो, कारण तिकडे अमेरिकेत, त्यांच्या युटा राज्यात तेव्हा रविवारची संध्याकाळ असते. उन्हाळ्यात साडेअकरा तासांचा फरक, थंडीत साडेबाराचा. सर्वांत धाकटी नात ते इथे आल्यावर जन्मली. तिला अजून त्यांनी मांडीवर घेतलेलं नाही. हे सांगून झालं की सिस्टर उठून ओटा पुसायला लागतात.

पुण्यात वानवडीला आमच्या मजल्यावर ते राहायला आले तेव्हा सोसायटीत कुजबुज झालीच. मिशनरी म्हटलं की आपल्या मनात एकच शंका येते. आमच्या ह्यांनी दुसऱ्याच भेटीत सरळ विचारलं, "तुम्ही इथे नक्की करता काय?" एल्डरनी शांतपणे सांगितलं. त्यांच्या चर्चमध्ये, ज्यांना लोक मॉर्मन म्हणतात त्यांच्यात, निवृत्त जोडपी स्वतःच्या खर्चाने काही महिने, कधी दोनेक वर्षंही, परमुलखात सेवेला जातात. ह्या दोघांकडे आलंय ते पडद्यामागचं काम: हिशेब, भाड्याच्या घरांची देखभाल, आजाऱ्यांच्या भेटी आणि तरुण मिशनरी मुलांकडे लक्ष. आमच्या देवघरातल्या विठोबाला त्यांनी कधी बोल लावला नाही, आणि मीही त्यांच्या प्रार्थनेच्या वेळी टीव्ही बारीक करते.

सुरुवातीला पंचाईत झाली ती चहाची. १८३३ सालच्या त्यांच्या एका धर्मवचनामुळे चहा-कॉफी त्यांना वर्ज्य. आपल्याकडे दारात आलेल्याने चहा नाकारला की घरच्या बाईला लागतं. मग मी गवतीचहाची पात, आलं आणि तुळस उकळून दिलं, पत्ती न घालता. ते चालतं. आता गॅलरीतल्या कुंडीतली पात सिस्टर स्वतः कापून नेतात.

त्यांचा उपासही मला भावतो. महिन्याच्या पहिल्या रविवारी दोन जेवणं सोडायची, पाणीसुद्धा नाही, आणि त्या जेवणांचे वाचलेले पैसे गरजूंसाठी द्यायचे. माझ्या एकादशीला साबुदाण्याची खिचडी असते. वाचलेला घास कुणाच्या तरी ताटात गेला पाहिजे, हा हिशेब मला फार खरा वाटतो.

पण आज लिहायला बसले ती त्या मुलामुळे. इथल्या तरुण मिशनऱ्यांपैकी एक आंध्रचा, विशीतला. त्याला डेंग्यू झाला. गेला आठवडाभर सिस्टर सकाळ-संध्याकाळ त्याच्या खोलीवर. डॉक्टरांनी सांगितलं होतं, ॲस्पिरिन अजिबात नाही, पाणी भरपूर, रोज प्लेटलेट्स तपासा. एल्डर रिक्षाने रक्ताचे नमुने लॅबमध्ये पोचवायचे, आकडे वहीत लिहायचे. मी मुगाची खिचडी शिकवली, साजूक तुपाची धार धरून. परवा मी सोबत गेले तेव्हा मुलाच्या आईचा व्हिडिओ कॉल आला. बाई तेलुगूत बोलत होती, रडत होती. सिस्टरना एक अक्षर कळत नव्हतं आणि मलाही नाही. त्यांनी फोन खाली नेऊन रिकामी वाटी दाखवली, मग मुलाचं कपाळ, मग वहीतला आजचा आकडा, कालच्याहून वाढलेला. तिकडून आईने दोन्ही हात जोडले. त्यांचेही जोडले गेले.

घर सोडून, गुडघे दुखत असताना, कुणी ओळखत नाही अशा गावात हे का करायचं, हा प्रश्न मला पडायचा. आषाढी वारीच्या पालख्या पुलगेटकडून हडपसरला निघाल्या तेव्हा आम्ही सोसायटीतर्फे केळी वाटत होतो. सिस्टरही उभ्या राहिल्या. एका म्हाताऱ्या वारकरीण मावशींना त्यांनी माझ्याकरवी विचारलं, घरी कोण आहे? मावशी म्हणाल्या, "सून हाय की. तिला म्हनलं, मी आले की मग भांडू." मी इंग्रजीत सांगितलं तशा सिस्टर इतक्या मोकळ्या हसल्या, आणि मावशींच्या पायाला आलेले फोड पाहून तिथेच खाली बसून पट्टी बांधली. मावशींनी त्यांच्या कपाळाला बुक्का लावला. त्यांनी लावू दिला.

आपल्याकडे साठी उलटली की "आता झालं आमचं" म्हणायची रीत आहे. पेन्शन येतं, हातपाय चालतात, तरी दिवस टीव्हीपुढे जातो. मुलांनी बोलवावं म्हणून वाट बघत बसण्यात माणूस लवकर म्हातारा होतो, हे मी आमच्याच इमारतीत पाहते आहे. मला ते नकोय.

एल्डर-सिस्टर येत्या गुरुवारपासून आठवडाभर बाहेरगावी जाणार आहेत. मुलाचे आकडे आता दीड लाखाच्या वर गेलेत, ताप नाही, पण अंगात ताकद नाही. संध्याकाळी सिस्टर खोलीची किल्ली आणि ती वही घेऊन आल्या. ह्यांनी वही उघडून तारखा पाहिल्या आणि विचारलं, "डबा किती वाजता लागतो त्याला?" दुपारी एक आणि रात्री आठ. दुपारचा हे नेतील, रात्रीचा मी. उद्या मूग भिजत घालायला हवेत.