कमाटीबागेतलं भूत

हॅलोविन म्हणून आज पोरांना रंगवून बडोद्याच्या कमाटीबागेतल्या म्युझियममध्ये नेलं. भाची बाबांचं जुनं धोतर गुंडाळून भूत झालेली. आमच्या लहानपणी भुताची भीती म्हणजे दिवाळीतली काळीचौदस. चौकात वडे ठेवायचे आणि मागे वळून न बघता घरी पळायचं!

सयाजीराव महाराजांची ही इमारत १८९४ची. आतल्या इजिप्तच्या ममीच्या काचेला नाक लावून भाची कितीतरी वेळ उभी होती, काचेवर तिच्या श्वासाचं धुकं. मग हळूच म्हणाली, "आत्या, हे कुणाच्या तरी घरचं माणूस होतं ना?" आणि डोक्यावरचं धोतर तिने आपणहून खाली घेतलं. मला भरूनच आलं.

पुढे १९४४ साली मही नदीच्या मुखाशी सापडलेल्या ब्लू व्हेलचा सांगाडा. तिथे मात्र सगळी भुतं पुन्हा किंचाळत सुटली.