रेवाच्या टापा: नाल काढल्यापासूनचे अकरा महिने

सारंगखेड्याच्या यात्रेतून माझ्या घोडीला, रेवाला आणलं तेव्हा तिच्या चारही पायांना नाल होती. ती काढावी असं माझ्या मनातही नव्हतं. पण गेल्या मार्गशीर्षात पुढच्या डाव्या पायाची नाल महिन्याभरात दोनदा निघाली आणि दोन्ही वेळा टापेचा टवका घेऊनच निघाली. तिसऱ्यांदा ठोकायला आमचे नालबंद चाचा आले. रेवाचा पाय मांडीत धरून ते बराच वेळ नुसतेच बघत बसले. म्हणाले, "पोरी, खिळा धरायला जागाच उरली नाही. दोन-तीन महिने तशीच सोड."

त्यांनी खिळ्यांची वाकवलेली टोकं सरळ केली आणि पकडीनं टाचेकडून एकेक नाल हळूहळू उचलली. नाल सुटली तशी कुजका वास आला. तळव्याच्या मधोमध टाचेकडून चवड्याकडं निमुळता होत गेलेला एक भाग असतो, इंग्रजीत त्याला फ्रॉग म्हणतात. तो रबरासारखा भरीव असायला हवा. रेवाचा सुकून आक्रसला होता आणि त्याच्या मधल्या भेगेत माझं करंगळीचं नख पूर्ण आत गेलं. बाहेर काढलं तर काळी, चिकट घाण. रोज खरारा करणारी मी, पण टापेखाली एवढं काय चाललंय ते मला दिसलं नव्हतं. त्याचं मला फार वाईट वाटलं.

दोन-तीन महिन्यांचे पुढं अकरा महिने झाले. गावात मात्र पहिल्या आठवड्यापासून लोक विचारायला लागले की घोडी बिननालीची कशी. त्यांचंही बरोबर होतं. मराठेशाहीत मोहिमेआधी शिलेदाराला जी आगाऊ रक्कम मिळायची तिला नालबंदीच म्हणत. घोडं म्हटलं की नाल आलीच, हे आपल्या भाषेतच मुरलेलं आहे. मला धीर आला तो धनगरांच्या वाड्यावरची भीमथडी तट्टं बघून. पाठीवर अख्खा संसार घेऊन ती खडकाळ माळ तुडवत होती आणि मी ज्यांचे पाय उचलून बघितले त्यातल्या एकालाही नाल नव्हती. तळवे खोलगट, टापेच्या भिंती, म्हणजे बाहेरचं कडक कवच, आखूड नि जाड.

जानेवारीत पहिली छाटणी मी स्वतः केली आणि चुकले. वाकडी सुरी नवी होती, हात उत्साही होता. तळवा गुळगुळीत, पांढरा दिसेपर्यंत तासला. दुसऱ्या दिवशी रेवा मुरमावर पाऊल टाकेना. तासला तो मळ नव्हता, आतल्या हाडाखालची तिची गादी होती. डॉक्टरांनी पाय तपासून आराम सांगितला आणि ती मोकळी चालायला नऊ दिवस गेले. त्या नऊ दिवसांत मी तिच्यासमोर पाण्याची बादली ठेवून लगेच मागं फिरायचे, तिच्याकडं बघवत नसे. तेव्हापासून जिवंत तळव्याला सुरी लावत नाही. आपोआप भुगा होऊन सुटतं तेवढंच खरवडते, फ्रॉगच्या लोंबणाऱ्या चिंध्या कापते, टाचा तळव्याच्या पातळीला आणते आणि भिंतीची खालची कड कानशीनं गोल करते. कड गोल असली की दगडावर टवका उडत नाही. दर पाच आठवड्यांनी थोडं थोडं. पायात कमी काढलेलं पुढच्या वेळी काढता येतं, जास्त काढलेलं चिकटवता येत नाही.

भेगेसाठी रोज टाप धुवायची, कोरडी करायची आणि पातळ केलेल्या पोव्हिडोन आयोडिनात भिजवलेला कापूस आत बसवायचा. शेजारच्यांनी मोरचूद भरायला सांगितलं होतं. नुसता मोरचूद जिवंत मांसाला भाजतो, म्हणून मी तो भरला नाही.

पण खरा बदल कानशीनं केलेला नाही. आमचा ऊसपट्टा, तोडणीच्या दिवसांत वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, फुकट मिळतं. रेवाला तेच भरपूर, वर भिजवलेले हरभरे आणि गूळ. लाडच होते ते. पण वाढ्यात साखर असते, आणि साखर-दाणा जास्त झाला की टापेची भिंत आतल्या हाडाला धरून ठेवणारे पापुद्रे सैल पडतात. एकमेकांत अडकवलेल्या वह्यांची पानं ओढल्यावर सुटावीत, तसं. टापेच्या खालच्या बाजूला भिंत आणि तळवा जिथं जुळतात तिथली रेवाची पांढरी रेघ जागोजागी रुंदावली होती, ती त्यामुळंच. वाढं आणि गूळ बंद केला, हरभरा मूठभरावर आणला, दिवसभर पुढ्यात वाळलेलं गवत आणि डॉक्टरांनी सांगितलेलं खनिज मिश्रण. आमच्या नानांना हे पटलं नव्हतं. "घोडी उपाशी ठेवतेस," म्हणून ते चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

मग जमीन. ग्रीसमधल्या झेनोफोननं इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात लिहून ठेवलंय की तबेल्याबाहेर हातात मावतील असे चार-पाच गाड्या गोल दगड पसरावेत, म्हणजे घोड्याचे खूर घट्ट होतात. मी एक ट्रॉली बारीक गोटे आणून पाण्याच्या हौदाभोवती पसरले. पाणी प्यायला तरी तिला त्यावरून जावंच लागतं. पावसाळ्यात आमची काळी माती चिखल होऊन टापेत बसते, तेव्हा तिला कोरडी जागा तेवढीच होती.

घोड्याची टाप महिन्याला साधारण ८ ते १० मिलिमीटर वाढते. पुढची भिंत केसांच्या कडेपासून जमिनीपर्यंत नवी व्हायला वर्षभर लागतं. मार्चमध्ये केसांच्या कडेखाली एक आडवी रेघ दिसली. रेघेच्या वर भिंत सरळ, गुळगुळीत आणि खाली बाहेर फाकलेली, वळ्यावळ्यांची. दर छाटणीला मी ती बोटांनी मोजायची. जूनमध्ये तीन बोटं. त्याच सुमारास तिच्या चालीचं चित्रण मोबाइलवर सावकाश लावून बघितलं तर पुढचे पाय आधी टाचेवर पडत होते. नाल काढली तेव्हा ती चवड्यावर चालायची, कारण टाचेतलं दुखणं तिला टेकू देत नव्हतं.

गेल्या आठवड्यात रेघ जमिनीला टेकली. डाव्या पायाची जुनी चीर अजून बोटाच्या पेराएवढी आहे, म्हणून खडीच्या रस्त्यावर तिला खुराचे बूट घालते. चाचा दुसऱ्याच कामासाठी आले होते. त्यांनी मागचा उजवा पाय उचलला, फ्रॉगवर अंगठा दाबला, भेग चाचपली. आता तिथं नख आत जात नाही. मग कानस मागून घेतली आणि भिंतीची कड स्वतः गोल करायला लागले. मधेच थांबून माझ्याकडं बघून म्हणाले, "एवढी पुरे का?"