बाबांची चेतक माझ्या नावावर होईपर्यंत

बाबा गेले त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये त्यांच्या स्कूटरच्या नोंदणीची मुदत संपली, आणि हे आमच्यापैकी कोणाच्याही लक्षात आले नाही. स्कूटर 1984 ची. नोंदणी पहिल्यांदा पंधरा वर्षांची असते आणि त्यानंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते, या हिशेबाने ती तारीख 2024 मध्ये येणार होती. एरवी बाबांनी ती डायरीत महिनाभर आधी लिहून ठेवली असती. मला ती कळली तेव्हा 2025 चा ऑक्टोबर उजाडला होता. चौदा महिन्यांच्या उशिराबद्दल दरमहा 300 रुपयांप्रमाणे 4200 रुपये, आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टपासून वीस वर्षांवरील दुचाकीसाठी 2000 रुपये झालेले नूतनीकरण शुल्क, एवढी रक्कम पडवीत उभ्या असलेल्या, टायर बसलेल्या गाडीवर चढली होती. भंगारवाल्याने तिची किंमत याहून कमी सांगितली होती. एका एजंटाने सुचवले की पन्नास वर्षे पूर्ण होईपर्यंत थांबा आणि मग 'विंटेज' म्हणून नोंदवा. परंतु 2021 च्या नियमांनुसार तशा नव्या नोंदणीचे शुल्क 20,000 रुपये आहे आणि ती गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर काढता येत नाही. मला गाडी चालवायची होती, म्हणून तो मार्ग तिथेच सुटला.

ती आमच्याकडे कशी आली हे थोडक्यात सांगितले पाहिजे. इटलीतील पियाज्जो कंपनीशी असलेला वेस्पा स्कूटर बनवण्याचा करार 1971 मध्ये संपल्यावर बजाजने 1972 पासून त्याच घडणीची गाडी 'चेतक' या नावाने काढली. मागणी इतकी होती की नोंदवलेली गाडी हाती यायला वर्षानुवर्षे लागत. परकीय चलन भरणाऱ्याला मात्र ती लवकर मिळे, आणि गोव्यात घराघरांतून कोणी ना कोणी बोटीवर नोकरीला असल्यामुळे शेजारच्या काही वाड्यांवर त्या मार्गाने स्कूटरी आल्याही. आमच्या घरात बोटीवर कोणीच नव्हते, म्हणून बाबांनी रांगेतच वाट पाहिली. गाडी आली तेव्हा गोवा अजून दमण आणि दीवसह केंद्रशासित प्रदेश होता. त्यामुळे तिचा क्रमांक 'जीडी'ने सुरू होतो, पुढे घटकराज्य झाल्यावर आलेल्या 'जीए'ने नव्हे. या दोन अक्षरांमुळे वाहतूक कार्यालयाच्या खिडकीवर दर वेळी एखादे डोके वर होत असे.

पहिली अडचण कागदांची नव्हती, ओटीपीची होती. वाहतूक खात्याच्या संकेतस्थळावर अर्ज सुरू केला की सहा आकड्यांचा संदेश नोंदणीत असलेल्या मोबाइलवर जातो, आणि तो क्रमांक बाबांचा होता. असे सिम सहसा काही महिन्यांत बंद पडते. आईने मात्र कोणालाही न सांगता दर महिन्याला ते रिचार्ज केले होते, कारण बाबांचे जुने सहकारी अजून त्याच क्रमांकावर फोन करत आणि त्यांना बातमी कळवणे हे तिला आपले काम वाटे. मी पणजीतून अर्ज भरत असे आणि ती स्वयंपाकघरातून फोनवर आकडे वाचून दाखवत असे. तिचे 'सहा' आणि 'सात' मला सारखेच ऐकू येत, म्हणून तीन प्रयत्न वाया गेले आणि त्या दिवसापुरते ते पान बंद झाले. आपला मोबाइल क्रमांक नोंदणीत कोणता आहे हे हयातीतच पाहून ठेवावे, हे मला तेव्हा पटले.

मालकाच्या मृत्यूनंतर गाडी वारसाच्या नावे करण्यासाठी नमुना 31 भरावा लागतो आणि नूतनीकरणासाठी नमुना 25. तीस दिवसांच्या आत मृत्यूची माहिती कळवायची आणि तीन महिन्यांत अर्ज करायचा, असा नियम आहे. आम्ही दोन्ही मुदती ओलांडल्या होत्या, त्यामुळे त्याची पावती वेगळी फाडावी लागली. वारसांच्या संमतीचे शपथपत्र लिहून घेताना वकिलांनी जे सांगितले ते मी गोव्यात जन्मूनही पहिल्यांदा नीट ऐकले: पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या इथल्या कौटुंबिक कायद्याप्रमाणे, लग्नाच्या वेळी वेगळा करार केलेला नसेल तर पती-पत्नीची मालमत्ता सामाईक असते. म्हणजे अर्धी स्कूटर पहिल्या दिवसापासून आईचीच होती. वाटणी व्हायची ती उरलेल्या अर्धीची, आणि त्यात माझा नि भावाचा हिस्सा समान. भावाने पुण्याहून सही करून पाठवली. खिडकीवरच्या गृहस्थांनी तरीही सहज विचारले, "बाय, भावाच्या नावावर का करत नाही?" मी म्हटले, त्याला ती सुरू करता येत नाही. हे खरेच होते.

खरे सांगायचे तर सुरू करणे मलाही जमत नव्हते. दीड वर्ष उभी राहिलेली टू-स्ट्रोक, म्हणजे पेट्रोलमध्येच ऑइल मिसळून चालणारी, गाडी किकला दाद देत नाही. आम्ही ती पिकअपमध्ये घालून म्हापशाजवळच्या एका जुन्या मेकॅनिककडे नेली. त्यांनी गाडी उजवीकडे जवळजवळ जमिनीपर्यंत आडवी केली, पाच-सहा सेकंद धरून ठेवली, सरळ केली आणि किक मारली. लहानपणी शाळेबाहेर रोज पाहिलेले ते दृश्य मी किती तरी वर्षांनी पाहत होते. गाडी अर्थात सुरू झाली नाही. मग त्यांनी कार्बोरेटर उघडून दाखवले. तळाशी हिरवट चिकट थर साचला होता आणि पेट्रोलची नळी बोटाने दाबली की चिरत होती. हल्लीच्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असते. ते हवेतले पाणी ओढून घेते आणि जुन्या पद्धतीच्या रबराला मानवत नाही, त्यामुळे गोव्यातल्या पावसाळी हवेत टाकी भरून गाडी उभी ठेवणे हा तिच्यावर अन्याय होता. नळी, वायसर आणि प्लग बदलला, ठिणगीचे पॉइंट बारीक पॉलिश पेपरने घासले. तिसऱ्या दिवशी निळ्या धुराचा एक लोट सोडून ती चालू झाली.

तो निळा धूरच पुढे आडवा आला. पीयूसीच्या यंत्राने हायड्रोकार्बनचा आकडा साडेनऊ हजारांच्या वर दाखवला. मार्च 2000 पूर्वीच्या दुचाकीला मर्यादा 9000 पीपीएमची आणि कार्बन मोनॉक्साइडची 4.5 टक्क्यांची आहे. दुसऱ्या आकड्यात आम्ही पास होतो, पहिल्यात नापास. मेकॅनिकनी कारण समजावले. या इंजिनात वेगळे व्हॉल्व्ह नसतात. पिस्टन खाली जाताना ताजे मिश्रण आत येण्याची आणि जळका वायू बाहेर जाण्याची अशी दोन्ही दारे काही क्षण एकदमच उघडी असतात, आणि त्या गडबडीत थोडे न जळलेले पेट्रोल सरळ सायलेन्सरमध्ये निसटते. त्याला इलाज नाही. पण सायलेन्सर काजळीने भरलेला असला आणि ऑइल जास्त पडत असले तर आकडा आणखी चढतो, आणि त्या दोहोंना इलाज आहे. त्यांनी इंजिनाचे वरचे झाकण, म्हणजे हेड, काढून पिस्टनच्या माथ्यावरची काजळी खरवडली, सायलेन्सर आत जाळून साफ केला आणि मग टाकीचे झाकण हुंगून मला विचारले, "ऑइल किती घालत होते ते?" लिटरला वीस मिलिलिटर, म्हणजे दोन टक्के, हे प्रमाण मला पाठ होते. पण बाबा मोजून घातल्यावर 'इंजिनाला बरे' म्हणून आणखी एक धार सोडत, हेही मी पाहिले होते. त्या प्रेमाच्या धारेशिवाय भरलेल्या पेट्रोलवर पुढच्या वेळी आकडा सात हजारांच्या खाली आला. विमा कंपनीने तृतीय पक्ष विम्याचे 714 रुपये आणि त्यावरचा जीएसटी घेतला. तेवढे एक काम एका दुपारीत आटोपले.

यानंतर खरी गाठ पडली ती चेसिस क्रमांकाशी. बहुतेक मोटारसायकलींना नळ्यांचा सांगाडा असतो आणि त्यावर बाकीची गाडी बसवलेली असते. वेस्पाच्या घराण्यात तसे नाही. 1946 मध्ये कोराडिनो दास्कानियो यांनी ती रचली. ते मुळात विमानांचे आणि हेलिकॉप्टरचे अभियंते, त्यामुळे त्यांनी सांगाडा काढूनच टाकला आणि दाबून आकार दिलेल्या पत्र्यालाच सगळे वजन पेलायला लावले. पुढचे चाक एकाच बाजूने धरणारा दांडाही विमानाच्या चाकांसारखा. चेतकमध्ये ही सगळी रचना जशीच्या तशी आली. याचा सरळ अर्थ असा की गाडीचा पत्रा हाच तिचा चेसिस, त्यावर ठोकलेला क्रमांक हीच तिची ओळख, आणि गोव्यातला खारा वारा चाळीस वर्षे जे खातो ते निव्वळ वरचे सौंदर्य नसते.

तपासणीच्या दिवशी निरीक्षकांनी हॉर्न, दिवे, ब्रेक आणि आरसा पाहिला, बाजूचे झाकण काढायला लावले आणि ठोकलेल्या क्रमांकावर पातळ कागद ठेवून पेन्सिल आडवी घासायला सांगितली. कागदावर अक्षरे पांढरी उमटत गेली. शेवटून तिसरा आकडा आठ असावा, पण त्याची डावी बाजू गंजात बुडालेली होती. संगणकात त्या जागी तीन होता. निरीक्षक माझ्याकडे पाहून काहीच बोलले नाहीत, आणि ते शांत राहिले याचीच मला जास्त भीती वाटली. आत गेल्यावर कारकुनाने पडदा माझ्याकडे वळवून कोकणीत सांगितले, "बाय, नंबर जुळना." चेसिस क्रमांक जुळत नाही याचा कायद्याच्या भाषेतला पहिला अर्थ गाडी चोरीची आहे असा निघतो, हे मला ठाऊक होते.

आठ की तीन याचा निकाल शेवटी 1984 च्या मूळ नोंदणी पुस्तकाने लावला. आईने ते तांदळाच्या डब्याशेजारच्या पत्र्याच्या पेटीत, प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत गुंडाळून ठेवले होते. त्यात निळ्या शाईच्या वळणदार अक्षरात स्वच्छ आठ होता. पुस्तकांतले तपशील कधी तरी संगणकात उतरवले गेले तेव्हा कोणाच्या तरी डोळ्यांनी त्याचा तीन केला होता, आणि 2019 च्या नूतनीकरणात तो तसाच पुढे गेला होता. मी घरी जाऊन क्रमांकाची जागा रॉकेल आणि जुन्या दातघासणीने तासभर पुसली. पॉलिश पेपर मुद्दाम लावला नाही, कारण तिथे घासल्याच्या ताज्या खुणा दिसल्या असत्या तर क्रमांक मीच बदलला असे कोणी म्हणू शकले असते. दुसऱ्या छापात आठची दोन्ही पोटे उमटली. तो छाप, पुस्तकाची साक्षांकित प्रत, शपथपत्र आणि सहाय्यक वाहतूक संचालकांच्या नावे विनंती अर्ज, असे प्रकरण आत गेले. पाच आठवडे आणि चार फेऱ्यांनंतर त्या एका आकड्याची दुरुस्ती झाली. चूक माझी नसताना ती माझी नाही हे सिद्ध करण्याचे काम मात्र माझे होते, हे मला आजही खटकते. पण निरीक्षकांनी ती चूक पाहिली आणि सोडून दिली नाही, याबद्दल माझी तक्रार नाही.

त्या पुस्तकात आणखी एक वस्तू सापडली: एका लहान कागदावर बाबांनी लिहिलेल्या फेरीबोटीच्या वेळा. 5 जुलै 1986 रोजी मांडवीवरचा पूल कोसळला तेव्हा ही स्कूटर दोन वर्षांची होती आणि बाबांची नोकरी पणजीत, नदीच्या पलीकडे. पुढची कित्येक वर्षे ते अलीकडच्या बेतीच्या धक्क्यावरून फेरीने गेले. फेरीत गाडी स्टँडवर लावून पहिल्या गियरमध्ये ठेवायची, कारण लाटेने डोलली की ती उजवीकडे कलंडते. इंजिन उजव्या बाजूला असल्याने वजन तिकडेच असते. हे त्यांनी मला त्या धक्क्यावरच शिकवले होते. आता नदीवर 2019 चा अटल सेतू आहे, पण त्यावर दुचाकींना मनाई असल्याने चेतकसाठी तो नसल्यासारखाच.

मध्यंतरी मला स्वतःलाही परीक्षा द्यावी लागली. माझा परवाना बिनगियरच्या दुचाकीचा होता, त्यामुळे तपासणीच्या दिवशी गाडी मेकॅनिकच्या मुलाने चालवत नेली. शिकाऊ परवाना काढून तीस दिवस थांबल्यावर गियरची परीक्षा दिली. डाव्या मुठीत क्लच दाबून ती मूठच फिरवून गियर टाकायचा, आणि ब्रेक उजव्या पायाखाली. आजच्या स्कूटरीवर हात बसलेल्या माणसाला हे दोन आठवडे तरी गोंधळात टाकते.

नोंदणीचे कार्ड जानेवारीत टपालाने आले. मालक म्हणून माझे नाव, पाच वर्षांची मुदत, आणि क्रमांकात आठ. त्याच आठवड्यात मी गाडी पत्र्याचे काम करणाऱ्याकडे नेली, कारण पाय ठेवायच्या जागेचा आणि मागच्या चाकावरचा पत्रा दोन ठिकाणी आरपार गेला आहे आणि पावसाळ्यापूर्वी तो बदलणे भाग आहे. त्याने बाजूचे झाकण काढले आणि सडलेल्या भागावर खूण करू लागला. क्रमांकापाशी येताच मी त्याला थांबवले. दुरुस्तीचा आदेश आणि छापाची प्रत दाखवून तेवढा हातभर पत्रा कापायचा नाही, वेल्डिंगची ठिणगीही तिथे पडू द्यायची नाही, असे सांगितले. तो म्हणाला, हाच तर सगळ्यात वाईट आहे. मग त्याने खिशातून खडू काढला आणि त्या अक्षर-आकड्यांभोवती एक चौकट आखली.