तुम्ही विचारलंत म्हणून: जटा कापता, मग घरात देव्हारा का?

कुठेही बोलायला गेले की शेवटी कुणीतरी विचारतंच, "बाई, तुम्ही बायकांच्या जटा कापता, मग तुमच्याच घरात देव्हारा कसा?" केस गुंतून झालेली जट लोक देवीची मानतात. म्हणून काहींना मी ढोंगी वाटते, काहींना धर्मबुडवी.

आहे देव्हारा. आईचा. ती गेल्यापासून सांजवात मी करते. नवस बोलत नाही, कौल लावत नाही. अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम करणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा 20 ऑगस्ट 2013 ला खून झाला, त्यानंतर डिसेंबरात जादूटोणाविरोधी कायदा झाला. त्या कायद्यानंसुद्धा यात्रा, कीर्तन, भजनाला हात लावलेला नाही. इतकी वर्षं मी हेच उत्तर देत आले. ते खोटं नाही, पण अपुरं आहे.

गडहिंग्लजजवळच्या एका गावात एक मावशी होत्या. मनगटाएवढी जाड जट, कमरेच्या खाली आलेली. निजताना जटेला वेगळी उशी लागायची. मान डावीकडे कललेली ती कललेलीच. केस विंचरले नाहीत की गुंततात, तेलामळानं घट्ट होतात, हे मी तासभर समजावलं. त्या म्हणाल्या, "पटतंय गं. पर आदी यल्लमाची वटी भरू, आन् जट सौंदत्तीला न्हेऊन सोडू." मी नाही म्हटलं. ओटीच भरायची तर आम्ही आलो कशाला, असंही म्हटलं. कात्री हातातच होती. त्यांनी पदर डोक्यावर ओढला, कपबशा उचलल्या आणि आत गेल्या.

चार वर्षांनी त्या गावात पुन्हा गेले. सून म्हणाली, "शेवटी शेवटी मान उचलंना झाली. जटंसकट जाळली."

तेव्हाची मी आज समोर आली तर तिला विचारीन, एका खणा-नारळानं तुझा कुठला विवेक बुडणार होता? ती म्हणेल, देवीच्या परवानगीनं कापलीस तर मालकी देवीचीच राहिली ना? माझी एक जुनी सहकारी अजून हेच म्हणते. मला तिला खोडता येत नाही. तरी आता माझ्या पिशवीत कात्रीशेजारी खण, नारळ, भंडारा असतो. ओटी मी स्वतः भरते.

गेल्या महिन्यात जट काढल्यावर एक बाई मोकळ्या मानेवरून कितीतरी वेळ हात फिरवत राहिली. मग माझ्या पायाशी वाकून म्हणाली, "आईनंच धाडलं तुला." मी नाही म्हणू शकले नाही. म्हणायला हवं होतं का, ते अजून कळलेलं नाही.