आठवडा 14: भ्रामरी, काशाची वाटी, रेकी आणि आईच्या झोपेची वही

मंडळी, मागच्या वेळी लिहिलं तेव्हा मी सगळंच एकदम करत होते, सकाळी प्राणायाम, दुपारी रेकी (अंगावर हात ठेवून ऊर्जा द्यायची जपानी पद्धत), संध्याकाळी सिंगिंग बोल (काठीने वाजवायचा धातूचा वाडगा), रात्री योगनिद्रा, आणि आईला नक्की कशाने बरं वाटतंय ते ना तिला सांगता येत होतं ना मला. म्हणून पावसाळ्याच्या तोंडावर सगळं बंद केलं आणि ठरवलं की दर तीन आठवड्यांनी एकच गोष्ट वाढवायची. एक साधी दोनशे पानी वही आणली, तिच्यात तीन रकाने: रात्री आई किती वेळा उठली, सकाळी गुडघे किती धरलेत (ती दहापैकी आकडा सांगते) आणि मन कसं आहे.

पहिले तीन आठवडे नुसत्या नोंदी. हेच सगळ्यात अवघड गेलं, आई रात्री उठून बसलेली दिसायची आणि हात आपोआप पुढे जायचे, पण थांबले. सरासरी चार वेळा उठत होती.

मग भ्रामरी, म्हणजे श्वास सोडताना भुंग्यासारखं गुणगुणायचं. झोपायच्या आधी अकरा आवर्तनं, दोघी मिळून, कान झाकून. आईला खाली बसवत नाही, खुर्चीत, पाठीला सोलापुरी चादरीची घडी. (पुण्यात मॉडेल कॉलनीत योगाचार्य अय्यंगार गुरुजींच्या संस्थेत पट्टे, लोड, खुर्च्या का वापरतात ते मला आता कळलं, शरीराने आसनापर्यंत जायचं नाही, आसनाने शरीरापर्यंत यायचं.) भ्रामरीत उच्छ्वास आपसूक लांबतो, त्यामुळे श्वासांची संख्या कमी होते आणि नाडी शांत पडते. शिवाय स्वीडनच्या संशोधकांनी 2002 मध्ये मोजलंय की गुणगुणताना नाकातून येणारं नायट्रिक ऑक्साइड शांत उच्छ्वासापेक्षा 15 पट जास्त असतं. आईला एवढंच जाणवलं की नाक मोकळं वाटतं. उठणं चारावरून तीनवर आलं.

सातव्या आठवड्यात काशाची वाटी, आणि याबद्दल मला भरभरून लिहायचंय. वाटी तुळशीबागेतून घेतली. कासं म्हणजे साधारण 78 टक्के तांबं आणि 22 टक्के कथील, म्हणूनच बोटाने वाजवली तरी तिचा नाद बराच वेळ राहतो, पितळेची वाटी लगेच गप्प होते, घेताना वाजवूनच घ्या. तळपायाला साजूक तूप, एकेका पायाला दहा मिनिटं, टाचेकडून बोटांकडे, जोर न लावता. तूप काळं पडतं आणि आपल्या आज्या म्हणायच्या की उष्णता बाहेर आली. मी तीच वाटी तूप लावून ओट्याच्या दगडावर घासून बघितली, तिथेही काळं आलं, म्हणजे तो रंग धातूचा आणि तुपाचा आहे, पायातला नाही. पण त्याने वाटीची किंमत माझ्या लेखी जराही कमी झाली नाही, कारण सातव्या मिनिटाला आईचे खांदे खाली येतात ते मी रोज बघते. एक काळजी मात्र घ्या. एका रात्री पाय न पुसता ती बाथरूमला निघाली आणि घसरता घसरता वाचली, भिंत धरली म्हणून. तेव्हापासून वाटी झाली की आधी कोमट पाण्याच्या फडक्याने पाय पुसायचे, मग सुती मोजे. उठणं दोनवर आलं, गुडघे सहावरून पाच.

दहाव्यापासून रेकी. मिकाओ उसुईंनी 1922 मध्ये क्योटोजवळच्या कुरामा डोंगरावर एकवीस दिवस साधना केली तिथून ही परंपरा सुरू होते, आणि लेव्हल वन (रेकीचा पहिला टप्पा) झाल्यावर मीही एकवीस दिवस स्वतःला दिली होती. आईला डोकं, खांदे, पोट, गुडघे, प्रत्येक जागी तीन मिनिटं. खरं सांगते, उठणं दोनच राहिलं, गुडघे पाचच. पण तिसरा रकाना बदलला. "आज तुझे बाबा आठवले, पण रडू नाही आलं," असं तिने स्वतःहून लिहायला सांगितलं.

आणखी एक केलं. 1998 मध्ये अमेरिकेत एक प्रयोग झाला होता, पडद्याआड हात ठेवून समोरच्याचा हात आपल्या कुठल्या तळव्यावर आहे ते, हाताला ऊर्जा जाणवते म्हणणाऱ्या हीलर्सना ओळखायला लावलं, 44 टक्के वेळाच बरोबर आलं (नुसत्या अंदाजानेही निम्मं येतं). मी नवऱ्याला बसवून घरी तसंच केलं, वीसपैकी नऊ. वाईट वाटलं, दोन दिवस हात ठेवायचीच इच्छा होईना. मग आईच म्हणाली, "अगं, तू वीस मिनिटं फोन बाजूला ठेवून माझ्याजवळ बसतेस ना, ते चालू ठेव." तर आता मी "ऊर्जा जाणवली" असं वहीत लिहीत नाही, काय दिसलं तेवढंच लिहिते.

आणि गोळ्या. एका ठिकाणच्या शिबिरात शिकवणाऱ्या बाईंनी आईची बीपीची गोळी हळूहळू कमी करून बघ म्हणून सांगितलं होतं. मला त्याचा आजही राग येतो. गोळीला हात लावायचा तो डॉक्टरांनी, आपण नाही. आमच्या डॉक्टरांना वही दाखवली, त्यांनी डोस आहे तोच ठेवला आणि वाटी चालू ठेवा म्हणाले.

सध्याचा क्रम असा: साडेनऊला भ्रामरी, मग रेकी, शेवटी वाटी. आधी वाटी करून बघितली होती पण आई मधेच झोपी जाते आणि मग तिला उठवून भ्रामरी करायला लावणं बरं वाटत नाही. पंधराव्या आठवड्यापासून सिंगिंग बोल परत आणतेय, फक्त पाच मिनिटं, उशीपासून लांब, कारण आईच्या डाव्या कानात मशीन आहे. कानात मशीन असलेल्यांसोबत कोणी बोल वापरत असाल तर मशीन काढून की ठेवून, तेवढं सांगा, सोमवारी सुरू करायचंय.