परातीतला धारण तलाव

बदकाचं पिल्लू गोड दिसतं, यात वाद नाही. पण फोटोला वास येत नाही आणि फोटो ओला होत नाही.

गेल्या जुलैत आमच्या कोपरखैरण्याच्या फ्लॅटमध्ये अशी पाच पिल्लं साडेतीन आठवडे राहून गेली. घणसोली गावातली मावशी दर बुधवारी गावठी अंडी घेऊन येते. तिनं खुडूक कोंबडीखाली बदकाची अंडी बसवली होती. कोंबडीच्या अंड्याला २१ दिवस लागतात, बदकाच्या अंड्याला २८. ती बिचारी आठवडाभर जादा बसली, पिल्लं काढली, आणि चौथ्या दिवशी गल्लीतल्या कुत्र्यांनी तिला मारलं. त्यात मावशीच्या घराचे पत्रे बदलायला काढलेले. बुधवारी अंड्यांच्या टोपलीबरोबर एक खोका आला.

"ताई, तीन हप्ते सांभाल. पत्रं बसली का नेते."

मी हो म्हटलं. घरात कुणाला न विचारता हो म्हणायची सवय मला आहे.

पिल्लांना उबेत ठेवायच्या पेटीला पोल्ट्रीवाले ब्रूडर म्हणतात, तो आम्ही वॉशिंग मशीनच्या खोक्याचा केला. ऊब द्यायची म्हणून बल्ब आणायला गेले, तर दुकानदार एलईडीच दाखवत बसला. एलईडीनं उजेड पडतो, ऊब नाही. मला तर बल्ब तापायलाच हवा होता. "मॅडम, तापणारा बल्ब आता कोण मागतं?" असं म्हणत त्यानं माळ्यावरून धूळ बसलेले ६० वॅटचे दोन पिवळे बल्ब काढून दिले. दुसरा माझ्याकडे अजून आहे, जपून ठेवलाय.

पहिल्या आठवड्यात पिल्लांना साधारण ३२ अंशांची ऊब लागते, मग दर आठवड्याला तीनेक अंश कमी करत जायचं. मी कोपऱ्यात थर्मामीटर लावला, पण त्याच्याकडे दोन दिवसांत कुणी बघेनासं झालं. पिल्लं बल्बखाली एकमेकांवर चढून बसली की थंडी वाजतेय. भिंतीला चिकटून चोच उघडी टाकली की उकडतंय. मन मानेल तिथं पसरून झोपली की बरं चाललंय. एक जण तर मान लांब सोडून, पाय मागं टाकून असं झोपायचं, की पहिल्या दिवशी मी घाबरून त्याला बोटानं ढोसलं. त्यानं एक डोळा उघडला, माझ्याकडे पाहिलं आणि परत मिटला. आमचे चिरंजीव सकाळी सात वाजता उठवल्यावर हुबेहूब असंच बघतात.

ऊब सोपी होती. खरा प्रश्न पाण्याचा.

कोंबडीचं पिल्लू पाणी पितं. बदकाचं पिल्लू पाणी वापरतं. एक घास खाद्य घ्यायचं, तुरूतुरू धावत पाण्याशी जायचं, चोच बुडवून खळखळ करायची, मान झटकायची आणि परत खाद्याकडे. अशा दिवसाला शंभर फेऱ्या. खाद्यात पाणी, पाण्यात खाद्य आणि मधल्या वाटेवर लापशी. पहिल्या रात्री मी शहाणपणा करून पाण्याची उथळ बशी ठेवली. सकाळी दोघांच्या डोळ्यांना चिपडं. नाकपुड्या बुडतील एवढं खोल पाणी त्यांना लागतंच, त्यातच ती डोळे आणि नाक धुतात. पाणीच काढून घ्यावं, तर कोरडं खाद्य घशात अडकतं. म्हणजे रात्री पाणी उचलायचं तर खाद्यही उचला. हे सगळं मी फोनवर मावशीला गाऱ्हाण्यासारखं ऐकवलं. ती म्हणाली, "आगो, बदकाला पानी नाय तं काय च्या देशील?"

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी खोका उचलायला गेले तर बूड जमिनीवरच राहिलं. पुठ्ठ्यानं जेवढं पाणी प्यायचं तेवढं पिऊन झालं होतं.

मग माझ्यातली गृहिणी जागी झाली. किलोचा श्रीखंडाचा रिकामा डबा घेतला आणि झाकणाला चोच-डोकं जाईल पण अंग जाणार नाही एवढी भोकं पाडली. आता पाण्यात उडी मारणं बंद. पण झटकणं? ते कोण बंद करणार? ओव्हनची जाळी पितळी परातीवर नेमकी बसली. जाळीवर डबा, जाळीखाली परात. पिल्लांनी जाळीवर उभं राहून हवा तेवढा धुमाकूळ घालावा, सांडलेलं सगळं परातीत. सकाळ-संध्याकाळ परात मोरीत उपडी करायची. नवऱ्याला जाळीचं सांगायचं राहून गेलं.

परात पहिल्यांदा उपडी करताना मला वाशीच्या मिनी सीशोअरवरचं पाणी आठवलं. आपण तिथं संध्याकाळी भेळ खायला जातो आणि त्याला तलाव समजतो. तो धारण तलाव आहे. नवी मुंबईचे खाडीकडचे कितीतरी सेक्टर मोठ्या भरतीच्या पातळीपेक्षा सखल आहेत. भरतीच्या वेळी धो धो पाऊस आला, तर पाणी जाणार कुठं? म्हणून नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोनं डच लोकांच्या धर्तीवर हे तलाव केले. भरती आली की खाडीकडची झडप बंद, पावसाचं पाणी तलावात थांबतं. ओहोटी लागली की झडप उघडते आणि साठलेलं पाणी खाडीत जातं. मावशीला हे सांगितलं तर तिला त्यात काही नवल वाटलं नाही. तिचे सासरे खाजणातल्या, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीतल्या, भातशेतीच्या बांधावर उघाडी (बांधातली पाण्याची झडप) सांभाळायचे. खारं पाणी आत येऊ द्यायचं नाही, गोडं वेळ बघून बाहेर सोडायचं. सिडको आली १९७० साली, उघाडी त्याच्या कितीतरी आधीची. माझी परात दोन्हींच्या मानाने फारच धाकटी, पण भरती-ओहोटीचं वेळापत्रक तिचंही होतं. आठ वाजता खाणं, सव्वाआठला भरती.

राहिली पिल्लांच्या पायाखालची गादी. पोल्ट्रीत गादीच म्हणतात. पहिल्या दिवशी मी वर्तमानपत्र अंथरलं होतं. ओल्या कागदावर पिल्लांचे पाय दोन बाजूंना फाकायला लागले, आणि तसे फाकत राहिले तर जन्माचे अधू होतात. म्हणून चार दिवस जुने टॉवेल घातले, रोज धुतले आणि जुलैच्या हवेत ते वाळतील अशी आशा केली. नवी मुंबईत जुलैत आशा वाळत नाही, टॉवेल कुठून वाळणार? पंख्याखाली दोरी बांधली. पाहुणे आले की दोरी सोडायची, गेले की परत बांधायची.

नंतर लाकडाच्या रंध्याचे छिलके. वरच्या मजल्यावर फर्निचरचं काम चालूच होतं (आमच्या बिल्डिंगमध्ये ते कायम कुणाकडे तरी चालू असतं). सुतारानं आधी प्लायवूडचा बारीक भुसा पिशवीभर दिला. तो परत केला. बारीक भुसा पिल्लं खाद्य समजून खातात, शिवाय प्लायवूडमध्ये गोंद. मग त्यानं सागवानाचे छिलके बाजूला ठेवायला सुरुवात केली आणि रोज संध्याकाळी "बदकवाल्या मॅडम" अशी हाक येऊ लागली. सोसायटीत माझं हे नाव अजून टिकून आहे.

गादी कधी बदलायची हे उभ्यानं कळत नाही. उभ्यानं वास येतो तेव्हा फार उशीर झालेला असतो. अमोनिया गादीतूनच निघतो, तिथंच तो सगळ्यात दाट असतो आणि पिल्लाचं नाक जमिनीपासून चार बोटांवर. म्हणून गुडघे टेकून, कान गादीला लागेल इतकं वाकून श्वास घ्यायचा. डोळे चुरचुरले की गादी गेलीच. ओला भाग मुठीत उचलून टाकायचा, कोरड्यावर नवा थर. ओल्या छिलक्यांना बुरशी धरली तर ती पिल्लांच्या छातीत जाते, त्यामुळे इथं आळस चालत नाही. एकदा मी अशी वाकलेली असताना कुरिअरवाला दारात उभा होता. त्यानं काही विचारलं नाही, सही घेतली आणि गेला.

खाण्याचं थोडक्यात सांगते. कोंबडीच्या पिल्लांचं तयार खाद्य बदकांना पुरत नाही. त्यांना नायसिन (एक ब जीवनसत्त्व) जास्त लागतं, नाहीतर पाय कमजोर होतात. यीस्टची पूड मिसळली. पाय चांगले झाले, इतके की तिसऱ्या आठवड्यात पेटीवरून उडी मारून एक जण स्वयंपाकघरात हजर.

पोहायला मात्र मी एकदाच दिलं. बदकाचं पिल्लू पाण्यात बुडायचंच नाही असं आपल्याला वाटतं. पिल्लाच्या लवेला पाणी लागू नये म्हणून तेल लागतं, आणि सुरुवातीला ते त्याला आईच्या पिसांतून मिळतं. आमच्या पाचांना आई म्हणजे ६० वॅटचा बल्ब. दुसऱ्या आठवड्यात टबात कोमट पाणी घालून पाच मिनिटं सोडली, ती भिजून उंदरांएवढी झाली, आणि मी टॉवेल घेऊन धावले. बल्बखाली वाळून परत फुगेपर्यंत मला चैन नव्हतं.

तीन हप्त्यांचे साडेतीन झाले, पत्रे बसले. मी पिल्लं, छिलक्यांची पिशवी आणि उरलेलं यीस्ट घेऊन रिक्षानं घणसोलीला गेले. मावशीनं अंगणात घमेल्यात स्वच्छ पाणी भरून ठेवलं होतं. पाचही जण घमेल्याला वळसा घालून नळाखालच्या चिखलात शिरले आणि चोची खुपसून बसले. मी काही बोलले नाही. मावशी तोवर परातीवरची जाळी उलटसुलट करून बघत होती.

"ही जाली बेस हाय. र्‍हाऊ दे हितंच."

परात तेवढी परत आणली. पुढच्या रविवारी बाहेर पाऊस, घरात नवऱ्याला नानकटाई करायची हुक्की आलेली. पीठ मळून झालं, गोळे थापून झाले, ओव्हन तापला.

"अगं, ओव्हनची जाळी कुठे गेली?"

"घणसोलीला."