हार्ड लाँच आणि संपलेला क्लच: माझा अनुभव

पाचव्या गिअरला कमी आरपीएमवरून (इंजिनचे मिनिटाला होणारे फेरे) पूर्ण थ्रॉटल दिला की ते फेरे दाखवणाऱ्या टॅकोमीटरचा काटा झपकन वर जायचा, आणि वेग मात्र आपल्या चालीनेच वाढायचा. पहिल्या-दुसऱ्या गिअरला सगळं ठीक. क्लच घसरायला लागला की ते आधी वरच्या गिअरलाच लक्षात येतं. खालच्या गिअरला गाडी चटकन पळते, क्लचवरचा ताण लगेच निघून जातो. वरच्या गिअरला गाडी जड पडते आणि इंजिन जास्त टॉर्कच्या पट्ट्यात बराच वेळ राहतं.

गाडी मॅन्युअल, मागच्या चाकांवर चालणारी, आणि बंद ट्रॅकवर भरपूर लाँच (उभी गाडी जास्त आरपीएमवरून जोरात सोडणं) झेललेली. मिस्त्रींनी लगेच पाना हातात घेतला नाही. आधी पेडल किती उंचीवर पकडतंय ते पाहिलं (बरंच वर आलं होतं), मग क्लचचं हायड्रॉलिक तपासलं, मग इंजिन-गिअरबॉक्सच्या जोडाखाली तेल दिसतंय का ते बघितलं. त्यांचं म्हणणं पटण्यासारखं होतं: "क्रँकच्या, म्हणजे इंजिनच्या मुख्य दांड्याच्या, मागच्या सीलमधून तेल येत असेल, तर नवी क्लच प्लेटसुद्धा घसरेल. आधी कारण, मग खर्च."

सील कोरडं निघालं. गिअरबॉक्स उतरवला.

बेल हाउसिंगमध्ये, म्हणजे क्लचभोवतीच्या कवचात, बारीक काळी भुकटी साचली होती आणि तो ओळखीचा जळका वास अजून तिथे होता. प्लेटचं लायनिंग (घर्षणाने पकडणारा थर) रिव्हेटच्या डोक्यांपर्यंत झिजलं होतं. उरलेला भाग काचेसारखा चकाकत होता, म्हणजे लायनिंगमधलं रेझिन तापून पृष्ठभाग गुळगुळीत झालेला. प्लेट जिच्यावर दाबली जाते त्या इंजिनच्या जड चकतीवर, म्हणजे फ्लायव्हीलवर, निळे-जांभळे डाग होते आणि त्यांच्या आजूबाजूला केसासारख्या बारीक भेगा. नख फिरवलं की त्या जाणवत होत्या. ते डाग पाहून मी घरी कागद-पेन्सिल घेऊन बसलो, कारण क्लच नेमका कशाने जळतो हे मला आकड्यांत बघायचं होतं.

१,४०० किलोची गाडी, आणि क्लच पूर्ण जुळतो, म्हणजे घसरणं थांबतं, तेव्हा वेग ४० किमी प्रतितास. तोपर्यंत गाडीला मिळालेली गतिज ऊर्जा सुमारे ८६ किलोज्यूल. या काळात इंजिनचा आरपीएम स्थिर राहिला असं धरलं, तर जवळपास तेवढीच ऊर्जा क्लचमध्ये उष्णता होऊन जाते. इंजिनने दिलेलं निम्मं काम प्लेट खाते! जास्त आरपीएमवर लाँच करून जुळण्याचा वेग दीडपट नेला, तर उष्णता सव्वादोन पट होते, कारण ती वेगाच्या वर्गाने वाढते. दहा किलो लोखंडात ८६ किलोज्यूल नीट पसरले तर ते वीसेक अंशांनीच तापेल. पण लाँचला वेळ लागतो सेकंद-दोन सेकंद. तेवढ्यात उष्णता आत शिरत नाही, वरच्या पातळ थरातच अडकते. निळे डाग तिथले. थांबून गार न होऊ देता लगेच दुसरा लाँच केला, की तो थर आधीच्या तापावरून आणखी वर जातो.

टायरचाही यात मोठा वाटा आहे, आणि त्याकडे फार कमी लोक बघतात. चाकं थोडी फिरली तर क्लच लवकर जुळतो आणि बरीचशी उष्णता टायरवर निघून जाते. चिकट टायर, किंवा चारही चाकांना ताकद देणारी गाडी असली, की घसरायला एकच जागा उरते, क्लच. पेडल झटक्याने सोडून क्लच वाचवता येतो, पण मग तो धक्का गिअर, ड्राइव्हशाफ्ट आणि डिफरन्शियलवर जातो. त्या तुलनेत क्लच प्लेट स्वस्तच.

काय बसवायचं, यावर बराच विचार केला. सिरॅमिक प्लेट उष्णता जास्त सोसते, पण एकदम पकडते, रोजच्या रहदारीत गाडी थरथरते. प्लेटला फ्लायव्हीलवर दाबून धरणारी प्रेशर प्लेट फार कडक असली तर पेडल जड होतं, आणि पेडल दाबलेलं असताना क्रँकला पुढे-मागे सरकू न देणाऱ्या थ्रस्ट बेअरिंगवरचा भारही वाढतो. गाडी मी रस्त्यावरही चालवतो, म्हणून ऑर्गॅनिक लायनिंगच ठेवलं, फक्त थोड्या जास्त पकडीचं. प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग (पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारं) एकत्रच बदललं. गिअरबॉक्स पुन्हा उतरवायची मजुरी बघता बेअरिंग जुनं ठेवण्यात अर्थ नव्हता. भेगा खोल होत्या, म्हणून फ्लायव्हील लेथवर न देता नवं घेतलं. मिस्त्रींनी मधोमध बसवायचा दांडा घालून प्लेट जुळवली आणि प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे करत टॉर्क रेंचने आवळले.

मग संयमाचा भाग. साधारण ८०० किलोमीटर फक्त शहरातली थांबत-चालत ड्रायव्हिंग. लाँच नाही, वरच्या गिअरला पूर्ण थ्रॉटल नाही. नव्या लायनिंगचा आणि फ्लायव्हीलचा पृष्ठभाग एकमेकांवर पूर्ण बसायला एवढं लागतंच. घाईत प्लेट चकाकली, तर पुन्हा तोच कार्यक्रम.

आता लाँचला आरपीएम आधीपेक्षा खाली ठेवतो, पकडायच्या जागेपर्यंत पेडल पटकन आणतो आणि तिथून थ्रॉटलने चाकं सांभाळतो. रांगेत हाफ क्लचवर गाडी धरून ठेवत नाही, हँडब्रेक ओढून न्यूट्रल करतो. लाँच झाला की ट्रॅकची एक फेरी सावकाश मारतो. आणि प्रत्येक ट्रॅकदिवसानंतर, क्लच गार झाल्यावर, पाचव्या गिअरची तीच चाचणी. काटा आणि वेग एकत्र चढतात की नाही, एवढंच बघायचं असतं.